सत्तेचाळीस नंबरची किटली

समजा, तुम्ही एका विहिरीच्या काठावर उभे आहात. एप्रिलचं ऊन आहे. हातात दोरी, दोरीला बादली. बादली वर आली की तुम्हाला त्यात नाक घालायचं आहे, तेही लांबून नाही, अगदी जवळून. जो वास येईल तो कागदावर लिहायचा आहे. 'घाण वास' एवढं लिहून भागणार नाही. उद्या समोरचा वकील विचारणार, घाण म्हणजे कशी? कुजलेल्या पाल्यासारखी? मेलेल्या कुत्र्यासारखी? की माणसाच्या विष्ठेची? तुम्ही कशावरून ओळखलं? म्हणून पाण्यावर काय तरंगतंय, कुठल्या रंगाचं, बोटाएवढं की मुठीएवढं, तेही लिहायचं. मधेच ओकारी आली तर बाजूला जाऊन ओकायचं, चूळ भरायची, परत यायचं आणि ओकलो ते किती वाजता हेही लिहायचं.

शालन माजगावकरला हे सगळं शिकवलेलं होतं. सहा दिवसांचं प्रशिक्षण, एक जाड वही, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र. आणि पहिल्यांदा एकटी एका विहिरीवर पोचली तेव्हा विहिरीतलं पाणी आरशासारखं स्वच्छ होतं. ते बघून ती जेवढी हादरली तेवढी कुठल्याही वासानं हादरली नसती, असं ती अजून म्हणते.

ही गोष्ट १९९८ ची. मी तिच्या ओळखीचा झालो त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी. डिप्लोमा करून कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं घेत होतो, ती काम करते त्या कायदा मदत केंद्रातला एक बंद पडलेला कॉम्प्युटर बघायला गेलो, आणि मग तिच्या जुन्या वह्या त्यात उतरवून देण्याचं काम अंगावर आलं. खाली लिहिलंय ते त्या वह्यांमधलं आणि तिनं स्वतः सांगितलेलं. गावाचं आणि गावातल्या माणसांची नावं बदलली आहेत आणि पोलीस ठाण्याचं लिहिलेलंच नाही.

शालन मूळची टायपिस्ट. बारावीनंतर मराठी टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या आणि कोर्टाच्या आवारात एका टेबलावर बसून अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करू लागली. स्वच्छतेची तिला लहानपणापासून खोड. खोड म्हणजे काय, शाळेत एका बाईंनी वर्गासमोर "तुमच्या लोकांच्या अंगाला वास येतो" असं म्हटलं होतं, त्या दिवसापासून ही पोरगी दोनदा अंघोळ करायला लागली ती आजतागायत. कोर्टाच्या आवारात तिला सगळ्याचाच वीट यायचा. जिन्याच्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या, थुंकी लावून पानं उलटणारे कारकून, अंगठा उठवून झाल्यावर म्हाताऱ्यांनी भिंतीला पुसलेली शाई. पण सगळ्यात जास्त शिसारी यायची ती कागदांची. कुठल्याही गावची बाई येवो, तिच्या अर्जात तीच वाक्यं. 'अर्जदार ही गरीब व अडाणी असून'. एकदा एक बाई म्हणाली, "मी अडाणी न्हाय, सातवी झालोय." वकिलाचा कारकून म्हणाला, "असू दे, असंच लिवत्यात."

ते टेबल सोडून १९९६ मध्ये ती शहरातल्या शाहूपुरीत आली. पाइपच्या दुकानावरच्या माडीवर दोन खोल्या, बाहेर 'कायदा मदत केंद्र' अशी पाटी. केंद्र चालवायचे जोतीराम वकील. साठीकडे झुकलेले, बारीक, मोठ्या आवाजाचे. त्यांना टायपिस्ट हवी होती. महिन्याभरानं त्यांनी तिला पॅरालीगलच्या प्रशिक्षणाला बसवलं. पॅरालीगल म्हणजे वकील नव्हे. वकिलाच्या आधी माणसांपर्यंत पोचणारा, त्यांचं ऐकून घेणारा, पुरावा गोळा करणारा. खालच्या पाइपवाल्यानं दोन दिवसांत तिचं नाव 'अर्धी वकीलीण' पाडलं.

प्रशिक्षणात जोतीराम वकील स्वतः साक्षीदार व्हायचे. खुर्चीत पाय वर घेऊन बसायचे, डोक्याला टॉवेल गुंडाळायचे.

शालननं पहिला प्रश्न विचारला, "तुम्हाला पाटलांनी काठीनं मारलं ना?"

"व्हय."

"डाव्या हातावर मारलं ना?"

"व्हय की."

"तेव्हा संध्याकाळ होती?"

टॉवेल काढून ते ओरडले, "अगं, सगळं तूच सांगायलीस! मग मी कशाला पायजे? मी जाऊन च्या पिऊन येतो, तूच दे साक्ष."

सगळा वर्ग हसला. शालन लालबुंद झाली. त्यांनी मग फळ्यावर लिहिलं, 'काय झालं?' आणि त्याखाली, 'मग?' म्हणाले, "हे दोन प्रश्न पुरत्यात. बाकीचा वेळ गप बसायला शिका. गप बसणं हे काम हाय. त्याचा पगार मिळतोय तुमाला." आणखी एक गोष्ट ते रोज सांगायचे. जागेवर पोचायच्या आधी आपला निरोप पोचला पाहिजे की कशालाही हात लावू नका. शालनच्या वहीत हे वाक्य तीन वेळा लिहिलेलं आहे. एकदा तर त्याखाली दोन रेघाही आहेत.

एप्रिलच्या एका दुपारी केंद्रातला फोन वाजला. जोतीराम वकील मुंबईला गेले होते. फोनवर मलकापूरच्या एसटीडी बूथमधून भाऊसो नावाचा तरुण बोलत होता. पळसोंडी हे त्याचं गाव, मलकापूरच्या आत सहा-सात किलोमीटर. तिथं बौद्धांची बावीस घरं, वस्तीची स्वतःची विहीर.

"म्याडम, आमच्या हिरीत घाण टाकलीया कुणीतरी. ठाण्यात गेलतो. म्हणत्यात, जनावर पडलं आसंल, जावा."

"कधी झालं?"

"आज सकाळी. बायका पाण्याला गेल्या तवा."

"तुम्ही घाबरू नका. उद्या पहिल्या गाडीनं मी येते. मी स्वतः येते."

'मी स्वतः येते' हे म्हणताना आपला आवाज कसा झाला होता ते तिला आठवतं. एखाद्या साहेबासारखा. त्या तोऱ्यात ते दोन रेघांचं वाक्य राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी मलकापूरला उतरून, वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी जीपमध्ये अर्धी बाहेर लटकत ती पळसोंडीला पोचली. वस्तीच्या तोंडाशी भाऊसो उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हात जोडलेले. "जय भीम, म्याडम." वस्तीतल्या वाटा झाडलेल्या होत्या. दारं सारवलेली. समाजमंदिरापुढं रांगोळी, खुर्चीवर धुतलेला टॉवेल. शालनच्या मनात पाल चुकचुकली.

"विहीर बघूया आधी," ती म्हणाली.

विहीर लहान होती, वीस-बावीस फूट खोल, उन्हाळ्यात कमरेएवढं पाणी राहणारी. तिचं तोंड चुन्यानं रंगवलं होतं. आत झऱ्याचं नवं, गुडघाभर पाणी जमलं होतं आणि बुडाचा दगड न् दगड दिसत होता. ब्लीचिंग पावडरीचा वास येत होता.

"हे कुणी केलं?"

"आमीच की," भाऊसो छाती काढून म्हणाला. "तुम्ही येणार म्हणल्यावर सगळी पोरं लागली कामाला. काल दुपारधरनं बादल्यांनी उपसली. तुमाला ती घाण दावायची व्हय? पावण्यांस्नी असलं दावत न्हाईत."

ती काठावर बसली. तिला रागावताही येईना. बावीस घरांनी पाहुणी येणार म्हणून लाज झाकून ठेवली होती आणि तीच लाज तिला बाटलीत भरून न्यायची होती. पिशवीतल्या तीन रिकाम्या बाटल्या तिनं बाहेरच काढल्या नाहीत. पाण्याचा नमुना गेला. कोर्टात दाखवण्यासारखं काहीच उरलं नाही. उलट आता कोणीही म्हणू शकत होतं की घाण नव्हतीच, वस्तीनं बनाव केला. ठाण्यात आधीच तशी कुजबुज सुरू झाल्याचं भाऊसोनंच सांगितलं. खोट्या तक्रारीबद्दल त्याच्यावरच केस घालू, असं एकजण म्हणाला होता.

"उपसताना काही सापडलं?"

"एक किटली घावली. दुधाची. तीबी त्यातच टाकली, वढ्याकडच्या खड्ड्यात. सगळं तितंच पुरलं."

पळसोंडीत दूध डेअरी होती. सभासदांच्या किटल्यांवर तांबड्या रंगात नंबर असतो, म्हणजे अदलाबदल होत नाही. शालननं विचारलं, "नंबर बघितला का?"

"कोण बघतंय ओ? नाक दाबून टाकली एकदाची."

म्हणजे एक वस्तू शिल्लक होती, फूटभर मातीखाली. ती पोलिसांसमोर, पंचांसमोर निघाली पाहिजे. आपण हात लावायचा नाही. यावेळी मात्र तिनं भाऊसोला हे वाक्य तीनदा ऐकवलं, खड्ड्यावर एक माणूस बसवला आणि त्याला परत ठाण्यात पिटाळलं. ज्यात जातीचा प्रश्न आहे त्या गुन्ह्यात पाणी नासवणं हे कायद्यानं वेगळं लिहिलेलं आहे, त्याचा तपास मोठ्या साहेबांनी करायचा असतो, आज कोणी आलं नाही तर उद्या वकील थेट एसपींकडे जातील, असं एका कागदावर लिहून तिनं त्याच्याबरोबर दिलं. खाली स्वतःची सही केली. 

मग ती माणसांशी बोलायला बसली. पाच जणांशी बोलली. पाचही जण 'घाण' एवढाच शब्द वापरत. कसली घाण, म्हटलं की मान खाली. सहाव्या बयाबाई. सत्तरीच्या. त्यांचं घर विहिरीला सगळ्यात जवळचं. त्या सुपात हुलगे निवडत बसल्या होत्या. शालनला बसायला पोतं टाकलं, पितळी तांब्यातून पेला भरून पाणी दिलं.

"आज्जी, काल सकाळी तुम्ही कुणाला बघितलं का?"

"न्हाय."

"विहिरीकडं कुणी आलं होतं का?"

"काय ठावं."

"आवाज आला होता का?"

"म्हातारपणात कुटला आवाज."

शालनच्या लक्षात आलं की ती पुन्हा हो-नाहीचे प्रश्न विचारत होती. तिनं वही मिटली. सूप आपल्याकडं ओढलं आणि हुलग्यातले खडे काढू लागली. दहा मिनिटं गेली असतील. मधे एक कोंबडी येऊन गेली.

"पाणी न्हाय प्यालीस," बयाबाई म्हणाल्या.

पेला तसाच भरलेला होता. शालननं तो दोनदा ओठांपर्यंत नेऊन खाली ठेवला होता. आपल्याला कोणी पाहिलं नाही असं तिला वाटलं होतं.

"किळस येतीय व्हय गं? आमच्यातलीच न्हवं तू?"

त्या शाळेतल्या बाई, तो वर्ग, सगळं एका क्षणात तिच्यासमोर येऊन उभं राहिलं. फक्त या वेळी त्या बाईंच्या जागी ती स्वतः होती. तिनं पेला उचलला आणि एका दमात संपवला. डोळ्यांत पाणी आलं.

बयाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग तोंडाला पदर लावून खुदकन हसल्या. "वढ्याच्या वरच्या झऱ्याचं हाय ते. हिरीचं न्हाय. मी बघालतो तुला."

शालन खडे काढत राहिली. बयाबाईंनी आपणहून सुरुवात केली.

"तांबडं फुटत हुतं. मी परसाकडं गेलतो. तर ह्यो आकाराम चाललाय. हातात किटली. मला वाटलं, त्योबी परसाकडंच चाललाय. पर किटली आशी धरलीती." त्यांनी उजवा हात ताठ लांब केला आणि मान उलट्या बाजूला वळवली. "मी म्हणलं, पाण्याची किटली कोण आशी धरतंय? मग हिरीत वाजलं. किटलीसकट टाकली. घरला कशी न्हील ती? आणि गेला बिगीबिगी. मी वाकून बघितलं."

"काय होतं, आज्जी?"

"घाण."

"मग?"

बयाबाईंनी सूप खाली ठेवलं. "गू हुता, बाई. माणसाचा गू. लिव. त्यानं टाकताना लाज न्हाय वाटली, तर मला सांगताना कशाला वाटू दे?"

शालननं तसंच लिहिलं, त्यांच्याच शब्दांत.

आकाराम हा विहिरीला लागून रान असलेला शेतकरी. चार म्हशी, डेअरीत दूध. भांडण नाही, तंटा नाही. वस्तीतली माणसं त्याच्याकडं मजुरीला जात. मग त्यानं असं का करावं? शालननं विचारलं नाही, नुसती बघत राहिली. बयाबाईंनी दाराकडं नजर टाकली.

"लिवू नगंस हे. शपत घे."

"नाही लिहीत."

"त्याची हिर आटलीया महिनाभर. टँकर कवा येतोय, कवा न्हाय. त्याची बायको बाळाबाई, लई गुणाची, ती दिस उगवायच्या आदी माझ्याकडं यायची. मी तिला दोन घागरी भरून द्यायचो. दोरीला ती हात लावायची न्हाय, मीच वढून द्यायचो. म्हयनाभर त्याच्या घरात आमच्याच हिरीचं पाणी. प्यायला, सयपाकाला, सगळ्याला. परवा त्याला कळलं. तिला मारलं त्यानं, हितवर आवाज आला. आणि काल हे." बयाबाईंनी शालनचा हात धरला. "मला म्हणाली ती, आक्का, कुणाला कळलं तर मला म्हायेरबी घरात घ्यायचं न्हाय. मी वचन दिलंय."

साक्षीदार सांगतो ते सगळं लिहायचं, असा नियम होता. शालनची वही उघडी होती, पेन हातात होतं. त्या दिवसाच्या पानावर त्या जागी फक्त अर्धी ओळ कोरी आहे. मी कॉम्प्युटरवर उतरवताना विचारलं तेव्हा ती म्हणाली, ती ओळ तशीच ठेव.

हवालदार आले दुपारी चारनंतर. बरोबर गावातले दोन पंच. हवालदारांनी नाकाला रुमाल लावला तो शेवटपर्यंत काढला नाही. खड्ड्यापासून पंधरा पावलांवर थांबले.

"हं, काढा," ते भाऊसोला म्हणाले.

"म्या?"

"मग काय मी? तुमच्यातलाच कोणतरी उतरा की. तुमाला काय नवीन हाय व्हय ते?"

भाऊसो दोन पावलं पुढं आला. तो म्हणाला, "साहेब, छप्पन साली माझ्या आज्यानं गावची ढोरं वढायचं बंद केलं. गू काढायचं, मढी वढायचं, सगळं. तवापासनं आमी फावडं धरतोय ते रानातलं. हे आमचं काम न्हाय. ज्यानं केलंय त्याला बोलवा."

"हिरीतनं काढताना चाललं की रे तुला!"

"ती आमची हिर हाय."

"बरं. मग मी लिहितो, काही मिळून आलं नाही." हवालदारांनी पॅड उघडलं. एक पंच घड्याळ बघू लागला, त्याची म्हशीच्या धारेची वेळ झाली होती.

शालन सांगते, त्या क्षणी तिला जेवढी शिसारी आली तेवढी खड्ड्याची कधीच आली नसती. तो रुमाल, ती पंधरा पावलं, पंचांचं ते ओठ मुडपून हसणं. तिला वाटलं, वास येतोय तो इकडून येतोय. पण पॅडवर पेन टेकलं होतं. एकदा 'मिळून आलं नाही' असं लिहिलं गेलं की बयाबाईंचं सगळं बोलणं म्हातारीची बडबड ठरणार होतं आणि भाऊसोवर खोट्या तक्रारीचं बालंट येणार होतं. ती काहीही न बोलता गेली, भिंतीला टेकलेलं फावडं उचललं, पदर कमरेला खोचला आणि खणू लागली.

"ताई, ठेवा ते," भाऊसो म्हणाला. मग ओरडला, "ठेवा म्हणतोय न्हवं!"

ती थांबली नाही. चौथ्या फावड्याला पत्र्याचा आवाज आला. हातानं ओढूनच किटली काढावी लागली. माती आणि बाकीचं सगळं पुसल्यावर तांबड्या रंगात आकडा दिसला, सत्तेचाळीस. मग ती ओढ्याच्या कडेला जाऊन ओकली. वहीत नोंद आहे: चार वाजून चाळीस मिनिटं.

पंचनामा झाला. किटली पोत्यात बांधली, लाख लावली. परत निघताना भाऊसो जीपपर्यंत सोडायला आला नाही. वस्तीच्या तोंडाशी भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "आज्यानं टाकलेलं फावडं तुम्ही उचललासा. ते बी त्यांच्या म्होरं." जीपमध्ये तिच्या शेजारची बाई सरकून बसली. घरी येऊन तिनं चार बादल्या पाणी घेतलं, तरी नखांतून वास जाईना.

आकारामवर खटला उभा राहिला तो २००२ मध्ये. त्याआधी मोठे साहेब येऊन गेले, जबाब झाले, कागद फिरले. कोर्टात बयाबाई दोन माणसांच्या आधारानं उभ्या राहिल्या. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, "आजीबाई, या वयात तुम्हाला लांबचं दिसतं का?"

"तुमच्या कोटाला एक बटन न्हाय," बयाबाई म्हणाल्या. कोर्ट हसलं.

"विहिरीत काय होतं?"

"गू."

लघुलेखकानं 'मानवी विष्ठा' असं टाइप केलं. शालनला ते मशीन ओढून घ्यावंसं वाटलं.

पण पुढं सगळं एकेक करून निसटत गेलं. डेअरीच्या सचिवानं सांगितलं की सत्तेचाळीस नंबर आकारामचाच, पण ती किटली आठवडाभर आधी हरवली होती. पाण्याचा नमुना नव्हता. विहीर कोणी साफ केली, या प्रश्नावर भाऊसोला "आमीच" म्हणावं लागलं. किटली पोलिसांनी नव्हे तर केंद्राच्या बाईंनी खणून काढली, म्हणजे पुरणाऱ्याही त्याच कशावरून नाहीत? शालन पिंजऱ्यात उभी राहून हे ऐकत होती. आणि शेवटी त्या वकिलांनी दोन्ही हात पसरून विचारलं, "माझ्या अशिलाचं या लोकांशी काडीचं भांडण नाही. मग त्यानं हे का करावं? आहे काही कारण?"

कारण होतं. तिसऱ्या बाकावर बसलं होतं, हातात स्टीलचा डबा घेऊन. बाळाबाई नवऱ्याचा जेवणाचा डबा घेऊन आली होती. बयाबाईंनी मागच्या बाकावरून तिच्याकडं बघितलं आणि तोंड मिटून घेतलं. शालननंही. जोतीराम वकिलांना तिनं ते कधी सांगितलं नव्हतं. निकालानंतर सांगितलं. संशयाचा फायदा, निर्दोष मुक्तता. जोतीराम वकिलांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "हे माझ्या हातात असतं तर कोर्टाकडून त्याला एकच प्रश्न विचारायला लावला असता." थोड्या वेळानं म्हणाले, "बरं झालं नव्हतं ते."

तो प्रश्न शालनलाही माहीत होता. तिला तो चार वर्षं झोपेतही सुचत होता. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात आकाराम चार पावलांवर उभा होता. बाळाबाईनं डबा उघडून त्याच्यापुढं धरला होता आणि तो नळाखाली हात धुवत होता. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत, शालन धुते तसंच. विरुद्ध पक्षाच्या माणसाशी बोलायचं नाही हा नियम तिनं पाळला. पाळला म्हणजे, तोंड उघडलं आणि बाळाबाईशी नजरानजर होऊन मिटलं.

बयाबाई पुढच्या वर्षी गेल्या. भाऊसो नंतर बोलू लागला, पण त्या फावड्याचा विषय दोघंही काढत नाहीत. शालन आता केंद्रात नव्या मुलींना शिकवते. पहिल्या तासाला फळ्यावर 'कशालाही हात लावू नका' असं लिहिते, आणि शेवटच्या तासाला प्रत्येकीला एक प्रश्न लिहायला सांगते, असा प्रश्न की ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येणार नाही. २००७ च्या तुकडीत एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमचा कुठला?" शालननं विषय बदलला.

वर्ग सुटल्यावर ती हात धुवायला मोरीत गेली. मी बाहेर तिची वही उतरवत बसलो होतो, त्या कोऱ्या अर्ध्या ओळीपाशी आलो होतो. नळ चालू ठेवून, माझ्याकडं पाठ करूनच ती बोलली.

"त्याची विहीर आटलेली होती. टँकर आला नव्हता. घरात होतं ते बाळाबाईनं आदल्या सकाळी आणलेलं. आमच्याच विहिरीचं. मला एवढंच त्याच्या तोंडून ऐकायचंय. ती किटली टाकून घरी गेल्यावर त्यानं हात कुठल्या पाण्यानं धुतले?"